यांगचौचा दगड आणि चौथं शील

मी चीनला कधीही गेलेले नाही. तरी तुर्फानच्या स्टेशनातून बाहेर पडलं की टूरची बस कुठे उभी असायची, दुनह्वांगच्या गुंफा बघायला स्वतःचा टॉर्च का न्यावा लागायचा आणि शीआनच्या हॉटेलात गरम पाणी कधी यायचं, हे मला आजही पाठ आहे. ट्रॅव्हल एजंट ही जातच तशी. लग्नं जुळवणाऱ्या बाईचं स्वतःचं लग्न झालेलं असलंच पाहिजे असं कुठे आहे?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारी मुलगी मला म्हणाली, "काकू, तुमच्या जॉबबद्दल लिहा ना. बट प्लीज, मेक इट फन." फन थोडं आहे, ते आधी सांगून टाकते. बाकीचं छापायचं की नाही ते तिनं ठरवावं.

मी नागपूरची. भूगोलात एम.ए. केलं, लग्न झालं आणि प्रकाशच्या नोकरीपायी मिनेसोटात येऊन पडले. भूगोलाच्या एम.ए.ला इथे कुणी विचारेना. अपवाद फक्त जोनचा. ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात, एका ड्राय क्लीनरच्या आणि डोनटच्या दुकानाच्या मधल्या गाळ्यात तिची ट्रॅव्हल एजन्सी होती. इंटरव्ह्यूत तिनं मला भिंतीवरच्या नकाशाकडे पाठ करून बसवलं आणि विचारलं, "इस्तंबूलहून पूर्वेला निघाले, तर वाटेत काय काय लागेल?" मी बोलत सुटले ते ताश्कंदपर्यंत पोचले. ती म्हणाली, "सोमवारपासून ये. आणि येताना बूट नीट घालून ये, हा मिनेसोटा आहे." मी त्या बर्फात सँडल घालून गेले होते.

आजच्या मुलांना हा धंदा समजावून सांगावा लागतो. तेव्हा लोक स्वतः तिकीट काढत नसत. आमच्याकडे येत, खुर्चीत बसत, कोट काढत आणि आम्हाला आपलं स्वप्न सांगत. आम्ही जाडजूड वेळापत्रकं उलटून, फोन करून, ते स्वप्न विमानाच्या वेळांत बसवायचो. तिकीट हातानं लिहायचं, खाली लाल कार्बन. लांबच्या देशांच्या टूर आम्ही नुसत्या विकायचो. त्या चालवणारा ऑपरेटर सॅन फ्रान्सिस्कोला असायचा. चीनमध्ये तर त्याच्याही हातात काही नसे. तिथलं सगळं सरकारी पर्यटन कचेरीकडे. कुठलं शहर परदेशी माणसाला उघडं, कुठलं बंद, कुठल्या ग्रुपला कुठे न्यायचं, हे कचेरी ठरवणार आणि टेलेक्सवरून कळवणार. टेलेक्स म्हणजे टाइप केलेला निरोप फोनच्या तारेवरून पाठवणारं यंत्र. आमचं यंत्र कोपऱ्यात होतं. ते खडखडायला लागलं की जोन छातीवर क्रॉस करायची.

इटालियन व्यापाऱ्यांची टूर ही जोनची कल्पना. सातशे वर्षांपूर्वी व्हेनिस आणि जिनोआचे व्यापारी काळ्या समुद्रावरून, इराणातून, मध्य आशियाच्या वाळवंटांतून थेट चीनपर्यंत जाऊन रेशीम आणत होते. त्या वेळी सगळ्या वाटेवर मंगोलांचं राज्य होतं. त्यांचा परवाना गळ्यात असला की माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊ शकत असे. अमेरिकन माणसाला त्यांतला एकच व्यापारी ठाऊक असतो, ज्याच्या नावानं इथली मुलं स्विमिंग पूलमध्ये आंधळी कोशिंबीर खेळतात. पण असे पुष्कळ होते. काही तिथेच राहिले, घरं केली, मुलंबाळं झाली.

ऐंशीच्या दशकात चीननं दारं किलकिली केली होती, पण मधली वाट फाटलेली. इराणात युद्ध, अफगाणिस्तानात रशियन फौजा. त्यामुळे आमचे लोक व्हेनिस बघायचे, इस्तंबूलचा बाजार बघायचे आणि तिथून उडी मारून थेट पेकिंगला. मग पश्चिमेकडे वाळवंटात आणि परत. माहितीपत्रकात जोननं दोन तुकडे एका ठिपक्याठिपक्यांच्या रेषेनं जोडले होते. "ही रेषा कशानं ओलांडायची?" असं एका गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा जोन गंभीरपणे म्हणाली, "झोपून." त्या विमानात खरोखर सगळे झोपत.

वाचनालयातून आणून मी त्या व्यापाऱ्यांबद्दल मिळेल ते वाचलं. फ्लॉरेन्सचा एक पेढीवरचा कारकून मला फार आवडला. चीनला निघालेल्या व्यापाऱ्यांसाठी त्यानं सूचना लिहून ठेवल्या होत्या. दाढी वाढवा, दुभाष्या घेताना कंजुषी करू नका, अशा. आणि हा गृहस्थ स्वतः चीनला गेलाच नव्हता. जाऊन आलेल्यांकडून ऐकायचं आणि जाणाऱ्यांना सांगायचं, बस. तो माझा मूळपुरुष असं मी ऑफिसात म्हणायचे.

आणखी एक गोष्ट होती. माझ्या बाबांनी, ते कापड गिरणीत होते, लहानपणी मला सांगितलं होतं की फार पूर्वी चीनमधून एक भिक्खू पायी चालत आपल्या मुलखात आला होता, बुद्धाचे ग्रंथ न्यायला. म्हणजे या वाटेवरून व्यापाऱ्यांच्या किती आधी आमचे भिक्खू गेले होते. पत्रकात मी त्याबद्दल एक वाक्य घातलं. जोननं ते खोडलं. "विशाखा, भिक्खूंच्या नावावर टूर विकली जात नाही," ती म्हणाली. मला राग आला होता. आजही थोडा आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. निवृत्त गणिताच्या बाईंनी विचारलं की उंटावर कुठल्या बाजूला बसलं तर डोळ्यांवर ऊन येत नाही. मी त्यांना समजावलं की उंटाला खिडकीची सीट नसते. एक बाई परत आल्यावर तक्रार करायला आल्या की वाळवंटात वाळू फार होती. पण मिस्टर हॅन्सन नावाचे एक शेतकरी होते. बायकोनं ओढत नेलं म्हणून गेलेले. तुर्फानमध्ये लोक डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शेतापर्यंत आणतात, ते बघून या माणसाचं डोकंच फिरलं. देवळं नकोत, रेशीम नको, दोन्ही दिवस त्या बोगद्यांत वाकून. परत आल्यावर माझ्या टेबलावर पेन्सिलीनं आकृत्या काढून तासभर समजावत होते. असं कुणी भेटलं की मला माझं काम जगातलं सगळ्यात चांगलं काम वाटायचं.

आणि मग सॅल आला.

पूर्ण नाव साल्वातोरे. सेंट पॉलला राहायचा, बायको वारलेली, मूलबाळ नाही. वडील इटलीहून इथल्या उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींत कामाला आलेले. सॅलनं आयुष्यभर थडग्यांचे दगड कोरले. बोटं जाड आणि नखं पांढुरकी. तो खुर्चीत बसला, कोट काढला नाही, आणि एका मासिकातून फाडलेलं पान माझ्यासमोर ठेवलं.

पानावर एका दगडाचा अंधुक फोटो. चीनमधल्या यांगचौ शहराची जुनी तटबंदी पाडताना तो सापडला होता. चौदाव्या शतकातला, एका इटालियन व्यापाऱ्याच्या मुलीच्या थडग्याचा. वर कोरलेली चित्रं, त्यांत बाळाला घेतलेली मेरी, अगदी चिनी घरातल्या बाईसारखी ठेंगण्या बैठकीवर बसलेली. खाली लॅटिन अक्षरं.

"हे तुमच्या टूरमध्ये आहे?" सॅलनं विचारलं.

यांगचौ होतं. पत्रकात 'दुपारी शहराच्या संग्रहालयाला भेट' असंही छापलेलं होतं. मी तसं सांगितलं.

"मग मी येतो. पण या वर्षीच. पुढल्या वर्षी उपयोग नाही."

त्याच्या दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं जात चाललं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं पुसट. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाताळपर्यंत जे बघायचं ते बघून घे. माझ्याशी बोलतानाही तो मान किंचित वळवून बघायचा, त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं की माणूस माझ्यावर रुसलाय.

हाच दगड का, हे त्यानं पुढच्या भेटीत सांगितलं. कॉफी घेऊन बसला होता. त्याची एक धाकटी बहीण होती, लुचिया. अमेरिकेत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गेली. वडिलांना दगड करणं जमलं नाही, लाकडी क्रॉस लावला. पुढे खाण पसरत गेली, तसं अख्खं गाव उचलून दुसरीकडे नेलं, आणि स्मशानही. कुठली पेटी कुणाची, कुणी बघितलं नाही. क्रॉस हरवला.

"मी सगळ्या गावाचे दगड कोरले, विशाखा. पाद्र्याचा, बँकवाल्याचा. तिचा नाही. कोरायला काय, एका दिवसात कोरला असता. लावणार कुठे?" तो म्हणाला. "आणि हा माणूस बघ. चीनमध्ये मुलगी गेली, तिथे याची अक्षरं कोरणारा कुणी नाही. तरी यानं करून घेतलं. कसं करून घेतलं ते मला बघायचंय. एकदा हात लावायचाय."

त्या दिवसापासून सॅलचं जाणं हे माझं काम झालं. त्याचं वय जास्त म्हणून ऑपरेटरनं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, ते मी मिळवलं. खोलीत जोडीला कोण, बसमध्ये पुढची सीट, पायऱ्या उतरताना हात कोण धरणार, सगळं ठरवलं. मी स्वतः गेले असते. ग्रुपबरोबर एक जागा एजन्सीला फुकट मिळते, तसा धंद्याचा रिवाज आहे. पण माझा पासपोर्ट भारतीय होता आणि तेव्हा चीनचा व्हिसा आपल्याला सहज मिळत नसे. अर्ज केला, उत्तरच आलं नाही. जागा जोनला गेली.

निघायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही ऑफिसात एक छोटा समारंभ करायचो. सगळ्या प्रवाशांना बोलवायचं, कॉफी आणि कुकीज, तिकिटं आणि टूरच्या निळ्या बॅगा वाटायच्या. त्या दिवशी सकाळी टेलेक्स खडखडलं. यांगचौ रद्द. त्याऐवजी सूचौ. कारण दिलेलं नव्हतं, ते कधीच नसायचं.

मी लगेच उलट टेलेक्स केला, की एका वृद्ध प्रवाशाची खास विनंती आहे, अर्धा दिवस तरी द्या. ऑपरेटरनं पुढे पाठवला. दुपारी उत्तर आलं, 'नोंद घेतली.' या धंद्यात 'नोंद घेतली' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

जोननं कागद वाचून घडी घातली. "हे कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "पत्रकाच्या मागे छापलंय, ऐनवेळी कार्यक्रम बदलू शकतो. चीनमध्ये तो नाश्त्याच्या आधी दोनदा बदलतो. तिथे गेल्यावर गाइड सांगेल."

"आणि सॅल?"

"सॅलला तर मुळीच नको. तो घरी बसेल. तिथे पोचला तर मी कचेरीत जाऊन भांडेन, रडेन, काहीतरी होईल. इथे बसून काय होणार आहे?"

"पण पत्रकात यांगचौ आहे असं बघून तो निघतोय. नाहीये हे मला माहीत आहे. मग ते खोटंच झालं ना?"

"ते खोटं नाही. ते न सांगणं आहे." जोननं घडी केलेला कागद खणात टाकला. "विशाखा, हा धंदा वीस वर्षं करतेय मी."

मी प्रकाशला फोन केला. तोही म्हणाला, "काहून टेन्शन घेतेस यार? जोन बरोबर बोलते. नॉट टेलिंग म्हणजे खोटं नव्हे. जाऊ दे त्या म्हाताऱ्याला."

आता इथे मला बाबांबद्दल सांगावं लागेल. बाबांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली. आमच्या घरी देव नव्हते, पण रोज सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय चहा मिळत नसे. पाच शीलांतलं चौथं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, त्यावर बाबांचा फार कटाक्ष. इतर चार बहुतेक वेळा आपोआप पाळली जातात, म्हणायचे, याची परीक्षा दिवसातून दहा वेळा होते. घरी नकोशी पाहुणी आली, तरी "बाबा घरी नाहीत" असं आम्हाला म्हणता यायचं नाही. मिनेसोटातही आम्ही चार घरची माणसं रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमून वंदना घ्यायचो. त्याच्या आदल्याच रविवारी ती आमच्याकडे होती, आणि मित्रानं, माझ्या मुलीनं, पहिल्यांदा पाचही शीलं न अडखळता म्हटली होती. मी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

सॅल टाय लावून आला होता. मिशा कातरलेल्या. त्यानं निळी बॅग खांद्याला अडकवली आणि कुकीज वाटायला आलेल्या जोनच्या मावशीला, मिसेस लिंडक्विस्टना, ती कशी दिसते ते विचारत होता. मी त्याला टेलेक्सच्या कोपऱ्यात नेलं आणि सांगितलं.

मान वळवून, डोळ्यांच्या कडेनं माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, "काही चान्स आहे?"

आपल्याकडे 'बघू या' नावाचा एक शब्द आहे. त्यात हो नसतं आणि नाहीही नसतं. प्रत्येक मराठी घर त्यावर चालतं. नकार द्यायचा असला तरी आपण 'बघू या' म्हणतो, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. बाबाही म्हणायचे. मी तेवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानं सरळ विचारलं होतं, आणि माझं प्रामाणिक मत विचारलं होतं. मी म्हणाले, "मला नाही वाटत."

त्यानं बॅग खांद्यावरून काढून माझ्या टेबलावर ठेवली. "मग मी काय चीनची भिंत बघायला जाऊ?" तो म्हणाला. "भिंती पुष्कळ बघितल्यात." मला शेकहँड केला, सांगितल्याबद्दल थँक यू म्हणाला आणि गेला. पार्किंग लॉटमध्ये त्याला आपली गाडी ओळखायला वेळ लागला. ते मी काचेतून बघत होते.

जोन ओरडली नाही. "तुझं बरोबर आहे," एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. एक माणूस गळल्यानं ग्रुप कमी पडत होता. सॅलच्या जागी तिनं आपल्या मावशीलाच घुसवलं. मिसेस लिंडक्विस्ट त्याआधी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या.

घरी मित्राला मी सगळं सांगितलं, थोडं कौतुकाच्या अपेक्षेनं. ती म्हणाली, "बट आई, नाऊ ही काँट गो. दॅट्स नॉट फेअर." मी तिला चौथं शील समजावून सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि टीव्ही लावला.

ग्रुप परत आला तेव्हा इथे पहिला बर्फ पडून गेला होता. मिसेस लिंडक्विस्ट सगळ्यांसाठी पंखे घेऊन ऑफिसात आल्या. अतिशय खूश. जेवण, बागा, बोटी, सगळ्याचं वर्णन झालं. मग म्हणाल्या, "आणि ते दुसरं शहर. नाव जमत नाही मला. सूचौचं हॉटेल कुठल्यातरी साहेबांनी अडवलं होतं, म्हणून ऐनवेळी आम्हाला तिकडे नेलं. तिथे तो इटालियन मुलीचा दगड होता, तुमच्या त्या म्हाताऱ्याचा."

मी जोनकडे बघितलं. जोन टेलेक्सकडे बघत होती. ती बरोबर गेली होती, तिला हे माहीत होतं. परत येऊन तिनं मला सांगितलं नव्हतं.

"काचेत होता?" मी विचारलं.

"छे, कसली काच. व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवला होता. आम्ही आमच्या बॅगा त्याच्याजवळच ठेवल्या. मी हात लावून बघितला. गार होता." मग त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. "हे त्या राखणदारानं दिलं. मला वाटलं पोस्टर आहे. घरी कुठे लावू? तुम्ही ठेवा."

तो त्या दगडाचा ठसा होता. ओला कागद दगडावर थापून वरून शाई लावतात, तसला. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं, दगडाएवढीच मोठी.

तो घेऊन मी सेंट पॉलला गेले. जोन म्हणाली, "मी येऊ?" मी नको म्हटलं.

सॅलनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण?" मी समोर उभी होते. तेव्हा मला कळलं की उशीर झालाय.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कागद पसरला. कोपऱ्यांवर मीठदाणी, कॉफीचा मग असं ठेवलं. हे काय आहे आणि कुठून आलं ते सांगितलं. ग्रुप यांगचौला गेला होता, तेही सांगितलं. काही लपवलं नाही. आता लपवून तरी काय करणार होते? तो ऐकत राहिला. मग कागदावर वाकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि सरळ झाला.

"काळं आहे," म्हणाला. "नुसतं काळं."

त्यानं हात पुढे केला. कागद सपाट, बोटाला काय लागणार? मग मी त्याचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षराच्या रेषेवर ठेवलं. जशी रेषा जाईल तसं नेत गेले. वरून खाली, वळण, परत वर. लहानपणी बाबांनी पाटीवर माझं बोट धरून 'ग' गिरवून घेतला होता, तसंच. मला लॅटिन येत नाही आणि ती अक्षरं तर जुनी, काटेरी. मी नुसती नेत होते, तो ओळखत होता. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचा. मुलीचं नाव पुरं झालं तेव्हा थांबला, आणि मला वाटलं पुरे झालं. पण त्यानं बोट पुन्हा सुरुवातीला न्यायला सांगितलं.

"या कारागिराला अक्षरं येत नव्हती," सॅल म्हणाला. "तो चित्र काढतोय. पण कुठेही घाई नाही बघ. बाप शेजारी उभा असणार. प्रत्येक अक्षराला शेजारी उभा."

ओळी संपेपर्यंत आम्ही तसे बसलो होतो. माझा हात भरून आला होता. मग त्यानं कागदावरून हात काढला, खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, जशी काही शाई लागली असावी, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला,

"विशाखा, तू मला सांगायला नको होतंस."

मी म्हणाले, "सॅल, तू विचारलं होतंस."

"विचारलं होतं. माणूस विचारतो." तो म्हणाला. "तू खोटं बोलायला हवं होतंस. मी गेलो असतो."

त्यानं कॉफी केली, हातानं चाचपत, आणि मला मदत करू दिली नाही. निघताना कागद त्याच्याकडेच राहू दे म्हटलं. "मला काय करायचाय?" म्हणाला, पण परत दिला नाही.

सॅल पुढे बरीच वर्षं होता. नाताळला मी फोन करायचे. तो बोलायचा, हवेबद्दल, पायांबद्दल. दगडाचा विषय पुन्हा निघाला नाही. तो गेल्यावर त्याच्या पुतण्यानं मला अंत्यविधीला बोलावलं. सॅलसाठी दगड होता, चांगला ग्रॅनाइटचा. त्यावर त्याच्या नावाखाली लुचियाचंही नाव होतं. सॅलनं तसं सांगून ठेवलं होतं, पुतण्या म्हणाला. ती तिथे पुरलेली नव्हतीच. मशीननं कोरलेली अक्षरं, सरळ, एकसारखी. मी त्यांवरून बोट फिरवून बघितलं.

जोन आणि मी त्यानंतरही पुष्कळ वर्षं एकत्र काम केलं. तो गाळा आता नेल सलॉन आहे. माझा पासपोर्ट केव्हाच बदलला, चीनचा व्हिसाही आता मिळतो. मित्रा मोठी झाली, तिला सवड असली की विचारते, "आई, लेट्स गो. तुझा तो रोड बघू. मी बुक करते." मी तिला 'बघू या' म्हणते.

बाबांना हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू शील पाळलंस, बाकी तुझ्या हातात नव्हतं. तसंच असेल. आजही रविवारी आम्ही बेसमेंटमध्ये बसतो, आता घरं वाढलीत, नवीन मुलं येतात. पहिलं, दुसरं, तिसरं शील मी सगळ्यांच्या सुरात म्हणते. चौथ्याला माझा आवाज बसतो. प्रकाशला ते कळतं. तो शेजारून जरा मोठ्यानं म्हणतो, आणि पाचव्यापर्यंत मी पुन्हा सुरात आलेली असते.